मेसेज काढावा की माणूस?

(रोहे येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



दुपारच्या गाडीनं पेणहून आलो. कासू, नागोठणे, निडी, रोहा. समोरच्या बाकावर तिघं जण बसले होते, तिघांच्याही माना मोबाइलमध्ये. मध्येच एक म्हणाला, "बघ, काढला त्याला ग्रुपमधून." दुसरा म्हणाला, "बरं झालं, जास्तच बोलायचा." तिसरा म्हणाला, "असं कसं काढतात? लोकशाही आहे ना?" रोहा येईपर्यंत तेच चाललं होतं. मी मनात म्हटलं, माझं व्याख्यान यांनी तीन वाक्यांत उरकलं, आता मी काय बोलू? (हशा)

आयोजकांनी मला विषय दिला होता 'अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मर्यादा'. एवढा मोठा विषय मी जन्मभर वर्गात शिकवला, आणि शिकवताना तो फार सोपा वाटायचा. फळ्यावर एका बाजूला मिल, दुसऱ्या बाजूला राज्यघटना, मध्ये एक बाण. निवृत्त झाल्यावर लोकांनी मला दोन व्हॉट्सॲप गटांचा ॲडमिन केलं. एक पेणला आमच्या आळीचा, दुसरा इथल्या, रोह्याच्या माजी विद्यार्थ्यांचा. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुमचं कुणी ऐकेल." तेव्हा कळलं की फळ्यावरचा बाण सरळ असतो, गटावरचा नसतो.

दोन्ही गटांवर माझ्या हातून एकेक चूक झाली. पेणला जे थांबवायला नको होतं ते मी थांबवलं. रोह्याला जे थांबवायला हवं होतं ते थांबवलं नाही. आज या दोन चुकांवरच बोलणार आहे.

आधी पेणची.

पेण म्हटलं की गणपती. शहरात आणि हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरोघर कारखाने. कुणी शाडूचा, कुणी प्लास्टरचा. साचे, रंग, डोळ्यांची आखणी, कच्च्या मूर्तींचे टेम्पो, वर्षभर हाच व्यवहार. १२ मे २०२० ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं आली, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी सुचवणारी. आधीच टाळेबंदी, त्यात हे. गटावर आग लागल्यासारखं झालं. लोकांच्या पोटाचा प्रश्न होता, हे आधी लक्षात घ्या.

त्या आगीत आमच्या आळीतल्या एका मुलानं लांबलचक मेसेज टाकला. माझा जुना विद्यार्थी, आणि कारखानदाराच्याच घरातला. पहिलंच वाक्य होतं की प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, हे आपल्याला बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे आणि आपण ते बोलत नाही. झालं. पुढचं कुणी वाचलंच नाही. "घरभेदी", "ज्या ताटात खातो त्यात...", "याला किती मिळाले?" तासाभरात दीडशे मेसेज. त्याच्या वडिलांपर्यंत गोष्ट गेली. मला चार फोन आले, "सर, याला आवरा, गटाची शांतता बिघडतेय."

मी काय केलं? त्याला काढला. खाली एक वाक्य लिहिलं, 'गटाचं वातावरण चांगलं राहावं म्हणून.' पंचवीस-तीस हात जोडलेली चित्रं आली. मला बरंही वाटलं, खोटं का सांगू.

आता त्याच्या मेसेजचा उरलेला भाग ऐका. मी तो सहा महिन्यांनी वाचला. त्यानं लिहिलं होतं की बंदी हा उपाय नाही, कारण हजारो हातांचं काम एका वर्षात बदलत नाही. मूर्ती कशाची आणि विसर्जन कुठे हे दोन प्रश्न वेगळे काढा. मूर्ती घडू द्या, पण ती नदीत, खाडीत जाऊ देऊ नका, विसर्जनाची वेगळी सोय मागा, आणि ही मागणी आपण कारखानदारांनीच आधी करा.

पुढे वर्षानुवर्षं हा प्रश्न न्यायालयात फिरला. ९ जून २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती घडवायला मोकळीक दिली आणि नैसर्गिक पाण्यात त्यांच्या विसर्जनाला आडकाठी केली. म्हणजे घडवणं आणि बुडवणं वेगळं काढलं. तो मुलगा द्रष्टा होता असं मी म्हणत नाही. तोच मार्ग बरोबर आहे, असंही आज म्हणत नाही. शाडूवाल्यांचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही ऐकायला हवं. मी एवढंच म्हणतो की ज्या गावाला हा विचार सगळ्यात आधी करायला हवा होता, त्या गावाच्या गटावर तो पाच वर्षं आधी आला होता, आणि आम्ही शांततेसाठी तो दाराबाहेर ठेवला.

मिलनं 'ऑन लिबर्टी'मध्ये, १८५९ साली, हीच गोष्ट मांडली आहे. एखादं मत दाबलं तर नुकसान बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांचं जास्त. मत खरं असेल तर आपण सत्याला मुकलो. खोटं असेल तर आपलं खरं मत घासून-पुसून घ्यायची संधी गेली. आणि बहुतेक वेळा ते अर्धं खरं असतं, तेव्हा आपलं उरलेलं अर्धं गेलं. मी हे किती वर्षं शिकवलं! परीक्षेत प्रश्न काढला, उत्तरं तपासली, मार्क कापले. आणि प्रसंग आला तेव्हा पंचवीस हात जोडलेल्या चित्रांपुढे सगळं विसरलो.

इथे एक जण म्हणेल, आणि गाडीतला दुसरा माणूस तेच म्हणत होता, "गट ॲडमिनचा. घरात कुणाला बसवायचं ते घरमालक ठरवेल. कलम १९ सरकारविरुद्ध आहे, ॲडमिनविरुद्ध नाही." कायद्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतो. मी त्या मुलाला काढलं म्हणून तो माझ्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाऊ शकत नव्हता.

पण 'घर' हा शब्द तपासून बघा. आपल्याकडे माजघर असतं, ओटी असते, आणि गावात चावडी असते. माजघरात कुणाला घ्यायचं हा माझा प्रश्न. ओटीवर वाटसरूही टेकतो, तिथे थोडा विचार करावा लागतो. चावडीवरून कुणाला उठवायचं तर कारण द्यावं लागतं. चुलत-मावस भावंडांचा गट हे माजघर झालं. पण ज्या गटावर चारशे माणसं आहेत, नळाला पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, रक्त कुणाला हवंय, कुणाचं वारलं, हे सगळं जिथे कळतं, तो गट माझ्या मोबाइलवर सुरू झाला असेल, पण माझं घर राहिलेला नाही. ती चावडी झाली. त्या मुलाला काढलं म्हणजे फक्त वादातून काढलं नाही, नळाच्या वेळेतूनही काढलं. गट जितका चावडीसारखा, तितकी काढणाऱ्यावर कारण देण्याची जबाबदारी जास्त. कायदा ती लादत नाही. तरी ती असते.

आता रोह्याची चूक. ही उलटी आहे.

एका संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांच्या गटावर एक फोटो आला. स्टेशनच्या बाजूला उभा असलेला एक परका माणूस, पाठीवर गाठोडं. खाली मजकूर: 'पोरं पळवणारी टोळी आपल्या गावात. दिसला तिथे धरा.' मी तो लगेच वाचला. आणि पेणच्या चुकीनं पोळलेला मी काय ठरवलं? आता कुणाचं तोंड बंद करायचं नाही. मी शांतपणे एक उत्तर लिहायला बसलो. पुरावा म्हणजे काय, अनुमान कशाला म्हणतात, परका दिसणं आणि गुन्हेगार असणं यात व्याप्ती कशी नाही. (हशा) हसा, हसण्यासारखंच आहे. चाळीस मिनिटं लागली मला. लेख उत्तम झाला होता.

त्या चाळीस मिनिटांत वीस-पंचवीस माणसं स्टेशनपाशी जमली होती. त्या माणसाला दोन-तीन थपडा बसल्या. तिथल्या एका चहावाल्या बाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, "अरे, हा दर थंडीत चादरी विकायला येतो, माझ्याकडून चहा घेतो. सोडा त्याला." म्हणून तो सुटला. गाठोड्यात चादरीच होत्या. तो पुन्हा रोह्यात आला नाही, असं त्या बाई सांगतात.

माझा लेख त्याच्या कानाखाली बसलेल्या आवाजानंतर पोचला.

हे किती पुढे जाऊ शकलं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारे म्हणून त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि ठार मारलं. पाचही जणांना. मुलं पळवल्याच्या अफवा त्याआधी मोबाइलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. राईनपाड्याला तिचा उपयोग नव्हता.

आणि हे मोबाइलमुळेच होतं असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर गावात वावडी उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा काही बेत नव्हता. पण वावडीवर माणसं लाठ्या घेऊन धावली, आणि परिषदेसाठी आलेल्या, जेवायला बसलेल्या लोकांना मारहाण झाली. तेव्हा बातमी तोंडातोंडी धावली, आता बोटांनी धावते. फरक वेगाचा आहे. पण वेगाचा फरक हा लहान फरक नाही, तेच माझ्या चाळीस मिनिटांनी मला शिकवलं.

आता या दोन चुका शेजारी ठेवा. पेणच्या मेसेजनं सगळा गट चिडला, पण कुणाच्या अंगाला धक्का लागला नाही. रोह्याच्या मेसेजवर कुणी चिडलं नाही, उलट बऱ्याच जणांनी 'धन्यवाद, वेळेवर कळवलंत' असं लिहिलं, आणि एक माणूस मार खाऊन गेला. म्हणजे मी मोजत होतो राग. मर्यादा ठरवायचं माझं मापच चुकीचं होतं.

आपल्याकडे हेच माप सगळीकडे चालतं. 'भावना दुखावल्या' म्हटलं की प्रश्न मिटला. घटनेचं कलम १९(२) काढून बघा. बोलण्यावर वाजवी निर्बंध कशासाठी घालता येतील, याची यादी तिथे आहे. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, अपराधाला चिथावणी. 'भावना दुखावणं' या यादीत शब्दरूपानं नाही. धार्मिक भावनांचं दंडविधानातलं कलम आहे, जुनं २९५अ, आता न्यायसंहितेतलं २९९. पण त्यालाही मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं केलेलं कृत्य लागतं. नुसतं मला वाईट वाटलं, एवढं पुरत नाही.

हे माप वापरलं की काय होतं, ते पालघरला दिसलं. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं, मुंबई बंद. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं की असा बंद कशासाठी. तिच्या मैत्रिणीनं त्याला लाइक केलं. दोघींना अटक. मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं कलम होतं, त्यात त्रासदायक, गैरसोयीचा मजकूर पाठवणं हाही गुन्हा होऊ शकत होता. गैरसोयीचा! मग खरं बोलणारा एकही माणूस बाहेर राहणार नाही. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. त्या निकालात एक उपयोगी भेद आहे. चर्चा करणं, एखाद्या मताची बाजू मांडणं आणि चिथावणी देणं, या तीन पायऱ्या. पहिल्या दोन कितीही न आवडोत, हात लावायचा नाही. तिसरीवर पाय पडला तरच राज्यसंस्था मध्ये येते.

आणखी एक प्रकरण जवळचं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातले काश्मिरी प्राध्यापक. ३७० कलमाबाबतच्या निर्णयाचा दिवस काळा दिवस, असं त्यांनी व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. त्यांचं मत मला पटतं की नाही, हा प्रश्नच नाही. न्यायालयानं तिथे एक जुना दाखला दिला, आणि तो नागपूरचा आहे. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एका खटल्यात म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीराच्या माणसावरून. जो प्रत्येक वाक्यात धोका हुंगतो त्याच्यावरून नाही. आमच्या गटावर पेणला मी नेमकं उलटं केलं. ज्यांनी मला फोन केले, त्या चार जणांच्या कातडीची जाडी मी सगळ्या गटाचं माप धरली.

मग रोह्याच्या मेसेजचं काय? तिथे मिलच पुन्हा कामाला येतो. त्याचं धान्यव्यापाऱ्याचं उदाहरण आहे. व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे वर्तमानपत्रात छापा, कुणी अडवू नये. पण भुकेला, भडकलेला जमाव त्या व्यापाऱ्याच्या दारात उभा असताना तेच वाक्य ओरडून सांगितलं तर ते मत उरत नाही, कृती होते. त्याला अडवणं योग्य. म्हणजे शब्द तेच, जागा आणि वेळ वेगळी.

आता विचार करा, गटावरचा मेसेज कुठे असतो? वर्तमानपत्रात की दारात? मला वाटतं, इथे आपल्या सगळ्या चर्चेची गडबड होते. एकच गट सकाळी वर्तमानपत्र असतो आणि संध्याकाळी जमाव असतो. पडदा तोच, अक्षरं तीच. म्हणून 'गटावर काहीही चालेल' म्हणणारा चुकतो आणि 'गटावर वाद नकोच' म्हणणाराही चुकतो. प्रत्येक वेळी बघावं लागतं.

काय बघायचं? मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवलेत.

पहिला. हे विधान आहे की हाक? 'प्लास्टर विरघळत नाही' हे विधान आहे, तपासता येतं, खोडता येतं. 'दिसला तिथे धरा' ही हाक आहे. हाकेला खरं-खोटं नसतं, तिला फक्त धावणारे असतात.

दुसरा. ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो उत्तर द्यायला हजर आहे का? पेणच्या वादात सगळे गटावर होते. चादरीवाला गटावर नव्हता. त्याचं नाव नव्हतं, फोटो होता. अनुपस्थित माणसाविरुद्धचा आरोप हा चर्चेचा भाग होऊच शकत नाही, कारण चर्चेला दोन बाजू लागतात.

तिसरा. उत्तराला वेळ आहे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी, योगायोगानं महाडच्याच साली, १९२७ मध्ये, हा मुद्दा मांडला. बोलून चूक दाखवायला अवधी असेल तर उपाय म्हणजे आणखी बोलणं, गप्प बसवणं नाही. अवधीच नसेल तर गोष्ट वेगळी. पेणला आम्हाला पाच वर्षं होती. रोह्याला चाळीस मिनिटंही नव्हती. आणि मी जिथे अवधी होता तिथे तोंड बंद केलं, जिथे नव्हता तिथे निबंध लिहिला.

ॲडमिन मंडळी इथे विचारतील, "सर, आमच्यावर गुन्हा दाखल होतो का?" गोंदिया जिल्ह्यातलं प्रकरण आहे. एका सदस्यानं गटातल्या महिलेला घाणेरडी भाषा वापरली, ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. आधी ठरवून केलेलं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी, पण निव्वळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या शब्दांचा गुन्हा त्याच्या माथी येत नाही. निकाल योग्यच आहे. ॲडमिनला तुरुंगाची भीती घातली तर तो प्रत्येक वाद सुरू व्हायच्या आधीच बंद करेल. पण या निकालाचा अर्थ लोक 'आमची काही जबाबदारी नाही' असा घेतात, तो चुकीचा. त्या वेळी ॲडमिनच्या हातात माणसाला घ्यायचं किंवा काढायचं, एवढंच होतं. २०२२ पासून दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय त्याला मिळाली. म्हणजे पूर्वी मेसेज थांबवायचा तर माणूसच काढावा लागे, आता तसं नाही. अधिकार वाढला की विवेकाची जबाबदारी वाढते, कायद्यातलं कलम बदलो न बदलो. त्या महिलेचं काय, हा प्रश्न निकालानं आरोपी ॲडमिनपुरता सोडवला. गटावर तिच्या बाजूनं कुणी उभं राहिलं का, हा प्रश्न आपल्यासाठी शिल्लक आहे. सतत शिव्या खाऊन जी बाई गट सोडून जाते, तिचंही बोलणं बंदच झालेलं असतं. ते कुणी मोजत नाही.

आता थोडं आपल्या घरचं तत्त्वज्ञान. न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. वाद, जल्प, वितंडा. वादात दोघांनाही खरं काय ते हवं असतं. जल्पात जिंकायचं असतं. वितंडेत स्वतःचं काहीच मांडायचं नसतं, फक्त समोरच्याचं पाडायचं असतं. गंमत अशी की सूत्रकार जल्प-वितंडेला हाकलून देत नाहीत. कोवळ्या कोंबाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग आहे, असं म्हणतात. म्हणजे थोडे काटे चालतील. कोकणात आपल्याला हे समजावून सांगायला नको. पण आत कोंब हवा ना! आमच्या गटांवर नुसतं कुंपण असतं.

आणि 'छल' नावाचा दोष आहे. बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या शब्दांवर लादायचा. अर्धा मेसेज कापून त्याचा स्क्रीनशॉट फिरवायचा, हा आजचा छल. आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभर मौन धरलं होतं. मध्येच आणीबाणी आली. मौनातल्या माणसानं कागदावर 'अनुशासन पर्व' असे दोन शब्द लिहिले, आणि ते सरकारच्या बाजूनं देशभर वापरले गेले. पुढे त्यांनी उलगडा केला की शासन सत्ताधाऱ्यांचं असतं, अनुशासन आचार्यांचं. तोवर दोन शब्द गावोगाव पोचले होते, उलगडा पोचला नाही. विनोबा इतके थोडके का बोलले, यावरही टीका व्हायला हवी आणि झाली. पण वर्षभर न बोलणाऱ्याच्या दोन शब्दांचं जर असं होतं, तर दिवसाला दोनशे मेसेज टाकणाऱ्यांनी काय समजावं?

शेवटी, मी आता काय करतो ते सांगतो. नियम म्हणून नाही, सवय म्हणून. हाक असेल, अनुपस्थित माणसावर आरोप असेल, कुणाला शिवी असेल, तर तो मेसेज लगेच पुसतो आणि खाली लिहितो की का पुसला. माणसाला काढत नाही. मत कितीही कडू असो, ठेवतो, आणि त्याला घेरणाऱ्यांना सांगतो की आधी त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहा, मग खोडा. आपल्या शास्त्रकारांची हीच पद्धत होती, पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा. काढायचीच वेळ आली तर गटावर कारण, त्याला एकदा उत्तराची संधी, आणि परत घेण्याची मुदत. यानं गटावर शांतता नांदते असं अजिबात नाही. पेणला दोन जण मला कंटाळून गट सोडून गेले.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "सर, तुम्ही त्या मुलाची माफी मागितलीत का?"

मागितली. मेसेजचा उरलेला भाग वाचल्यावर फोन केला. तो म्हणाला, "सर, काढलंत त्याचं एवढं नाही वाटलं. काढायच्या आधी विचारलं नाहीत ना, की तुला काय म्हणायचंय, त्याचं वाटलं." मी म्हटलं, परत घेतो तुला. म्हणाला, "नको सर, आता सवय झाली." त्याच्या वडिलांनी प्लास्टरचं काम चालू ठेवलंय, तो आता वेगळं काम करतो. गटावर तो नाही. नळाची वेळ त्याला त्याची बायको सांगते.

पण चिठ्ठी लिहिणाऱ्यानं बरोबर जागी बोट ठेवलंय. मी त्याला काढलं सगळ्या गटासमोर, आणि माफी मागितली एकट्याला फोनवर. हा हिशोब जुळत नाही. आज व्याख्यानासाठी त्याची परवानगी घेऊन हे बोललो. हे शब्दांकन आल्यावर आमच्या आळीच्या गटावर मी स्वतः टाकणार आहे. शिव्या येतील. येऊ देत, पुसणार नाही.

थांबतो.